नव्या टीम लीडसाठी: आधी रोस्टर उघडा

बढतीचं पत्र मिळालं त्या दिवशी एचआरने मला तीन गोष्टी दिल्या: नवा ॲक्सेस, अठरा माणसांची यादी आणि रोस्टरची, म्हणजे कुणाची कुठली शिफ्ट कधी याची, एक्सेल शीट. माणसं कशी सांभाळायची याचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंगही झालं, त्यातला निम्मा वेळ ओळखीचे खेळ आणि पुलाव यांत गेला. महापेचं एक बॅक ऑफिस, परदेशी बँकेच्या व्यवहारांचा ताळा जुळवायचं काम. अठरांमधला एक मुलगा अगदी सोन्यासारखा. कधी रजा नाही, कुठल्या कामाला नाही म्हणणं नाही. त्याच्या नावावर ४१ रजा शिल्लक होत्या आणि मी ते वरच्या मीटिंगमध्ये कौतुकाने सांगितलं होतं. जूनमध्ये तो डबा एकटाच खायला लागला. जुलैमध्ये त्याच्या ताळ्यात चुका निघायला लागल्या. ऑगस्टमध्ये एका पहाटे तीन वाजता राजीनाम्याची मेल आली आणि तो परत ऑफिसात आला नाही.

त्याची गोष्ट पुढे येईल. त्यानंतर अकरा वर्षं मी हेच काम करते आहे, कळव्याहून महापे, ठाण्याला गाडी बदलून. ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या, कुठेही तुम्ही नुकतेच टीम लीड, शिफ्ट इनचार्ज किंवा सुपरवायझर झाला असाल तर हे तुमच्यासाठी. आधीच सांगते, योगा सेशन आणि लिफ्टशेजारची पोस्टरं यांबद्दल इथे काही नाही. ती एचआरची कामं, आणि ती होतातच. तुमच्या हातात त्यापेक्षा ठोस गोष्टी आहेत: कोण किती वाजता येणार, किती वाजता सुटणार, कुणाला रजा मिळणार आणि चूक झाली की काय होणार. लोकांची झोप उडते किंवा लागते ती यावरून.

पहिला आठवडा: मीटिंग घेऊ नका, रोस्टर वाचा

मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर आणि रजेचा तक्ता घेऊन तासभर एकटे बसा. पेन्सिल घ्या. कुणाच्या वाट्याला सलग किती नाइट आल्या ते मोजा. मग दोन शिफ्टमधलं अंतर बघा. सकाळी सहाला नाइट संपवून त्याच दिवशी दुपारी दोनला पुन्हा हजर, असं एखाद्याचं दिसलं तर कागदावर आठ तास विश्रांती आहे आणि प्रत्यक्षात चार तासांची झोपही नाही. युरोपात २००३च्या कामाच्या वेळेच्या नियमाने दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती बंधनकारक आहे. आपल्याकडे तसं कुणी विचारत नाही, पण मी माझ्या शीटमध्ये ११ तासांचा नियम लावून ठेवला आहे. अंतर कमी पडलं की खाना लाल होतो. फॉर्म्युला एका ओळीचा आहे.

शिफ्ट बदलायची दिशाही बघा. सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे सरकणं शरीराला सोपं जातं, उलटं सरकणं जड. कारण साधं आहे: माणसाला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोप आणणं जमत नाही. अमेरिकेचं काम असेल तर आणखी एक गंमत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात आणि आपली शिफ्ट एक तासाने उशिरा सुटायला लागते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलटं. क्लायंटला त्याचं काही नसतं. आपल्याकडे कुणाची शेवटची गाडी चुकते, कुणाच्या पाळणाघराची वेळ. हे दोन रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच शीटमध्ये लिहून टाका आणि लोकांना महिनाभर आधी सांगा.

आठवड्याची सुट्टी मोडायची सवय असेल तर ती आधी तोडा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी आहे आणि वर्षाला आठ दिवस किरकोळ रजाही आहे. ‘रविवारी दोन तास लॉगिन कर ना, प्लीज’ म्हटलं की सुट्टीचे दोन तुकडे होतात. दोन तुकड्यांत माणूस गावी जाऊ शकत नाही.

आणि रजेच्या तक्त्यात ज्याची शिल्लक सगळ्यात जास्त, त्याचं नाव वेगळं लिहून ठेवा. कौतुकासाठी नव्हे. मी केली ती चूक तुम्ही करू नका.

यानंतर शीटमध्ये एक रकाना वाढवा, ‘घर ते खुर्ची’. दारातून निघाल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत किती वेळ लागतो तो. गूगल मॅप काय म्हणतो ते सोडा, माणसाला विचारा. बदलापूरचा मुलगा ठाण्याला उतरतो, पुलावरून नऊ-दहा नंबर फलाटावर येतो, ट्रान्स हार्बर पकडतो, घणसोलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. घोडबंदर रोडवाल्याचं अंतर कमी, पण गायमुखला ट्रेलर बंद पडला की तो गेला. पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की कळवा-ऐरोली मधलं सगळं ठप्प. माझ्या टीममध्ये हा रकाना पहिल्यांदा भरला तेव्हा सात जण दिवसाचे चार तास प्रवासात घालवत होते. नऊ तास काम, चार तास प्रवास. उरलेल्या अकरा तासांत झोप, अंघोळ, पोरं, आईची औषधं.

प्रवास तुम्ही कमी करू शकत नाही. पण साडेनऊची शिफ्ट साडेदहाला न्या म्हटलं तर बहुतेक वेळा ते तुमच्याच अधिकारात असतं, आणि ठाण्याच्या पुलावरची नऊची गर्दी ज्याने सोसली आहे त्याला विचारा एका तासाची किंमत. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं होतं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितका पिचत नाही, जितका काम जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही अशा जोडीने पिचतो. काम कमी करणं तुमच्या हातात नसेल. शिफ्टची अदलाबदल आपापसात करायची मुभा, दोन कामांपैकी आधी कुठलं घ्यायचं ते ठरवायची मोकळीक, एवढं तरी असतं ना? ते देऊन टाका.

गणपतीचं काय

हा स्वतंत्र मुद्दा आहे आणि ज्याला वाटतं नाही, त्याने कोकणातली माणसं सांभाळलेली नाहीत. भाद्रपदात अर्ध्या टीमला एकाच पाच दिवसांत गावी जायचं असतं आणि क्लायंटला गणपती ठाऊक नसतो. रजा शेवटच्या आठवड्यात मंजूर करणारा लीड स्वतःला फार चलाख समजतो. तोवर माणूस दोन महिने कुढत असतो. घरचे विचारतात, येणार का, आणि याच्याकडे उत्तर नसतं.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. म्हणजे गणपतीच्या रजेचा निर्णय त्या ६० दिवसांच्याही आठवडाभर आधी लागायला हवा. मी एप्रिलमध्येच शीट फिरवते. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ, छट, प्रत्येकाने आपला एक पहिला नंबर आणि एक दुसरा नंबर लिहायचा. ज्याला मागच्या वर्षी पहिला मिळाला तो यंदा मागे. भांडणं होतात, पण एप्रिलमध्ये होतात आणि सगळ्यांसमोर होतात. ‘मॅडमच्या मर्जीतले’ हा शब्द आमच्या मजल्यावरून गेला तो यामुळे.

दुसरा आठवडा: वीस मिनिटं, काचेच्या खोलीबाहेर

आता माणसांशी बोला. प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटं, कामाचा आकडा न काढता. काचेच्या मीटिंग रूममध्ये नको, तिथे बसलेला माणूस सगळ्या फ्लोअरला दिसतो आणि बाहेर आला की दहा जण विचारतात, काय झालं रे. खाली टपरीवर, नाहीतर इमारतीला एक फेरी मारत. चालताना बोलणं सोपं जातं, नजर चुकवायची सोय असते.

‘कसा आहेस?’ विचारलंत तर ‘मजेत’ हेच उत्तर येणार. आपल्याकडे तो प्रश्न नसतोच, नमस्कार असतो. छोटं आणि नेमकं विचारा. ‘या आठवड्यात सगळ्यात जास्त वैताग कशाने आला?’ ‘नाइट संपवून घरी गेल्यावर झोप लागते का?’ ‘यातलं एक काम काढून टाकायचं म्हटलं तर कुठलं काढशील?’ आणि मग गप्प बसा. पाच सेकंदांची शांतता लीडला असह्य होते, तो लगेच सल्ला देतो. दहापर्यंत मनात मोजा.

वयाने मोठ्या माणसाचा लीड झालात तर जास्त जपून. माझ्या टीममध्ये एक ५४ वर्षांचे गृहस्थ होते, आधीच्या कंपनीत मॅनेजर राहिलेले. मी त्यांना शेवटपर्यंत ‘सर’ म्हणायचे आणि त्यांच्याकडून शिकायचंय म्हणून वेळ मागायचे, ते खोटंही नव्हतं. मनातलं बोलायला त्यांना आठ महिने लागले. लागतात.

काही वाक्यं तोंडातून काढूनच टाका. ‘टेन्शन घेऊ नकोस.’ ‘मन घट्ट कर.’ ‘आमच्या वेळी तर…’ ‘तुला काय कमी आहे?’ ‘लग्न कर, सगळं ठीक होईल.’ यातलं प्रत्येक वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं आणि प्रत्येकाचा अर्थ एकच पोचतो: विषय संपव. आणखी एक. ठाणे-मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद केलेला आहे, मीही केला आहे. ज्याच्या घरी खरंच कुणी तिथल्या मनोरुग्णालयात उपचार घेतंय तोही त्या हसण्यात हसतो आणि त्या दिवसापासून तुमच्याकडे काही बोलायचं नाही हे ठरवतो. तुमच्या टीममध्ये हा विनोद झाला तर हसू नका. भाषण देऊ नका, फक्त हसू नका. पुरतं.

आता तो मुलगा. दोन वर्षांनी ठाणे स्टेशनवर भेटला, दहा नंबरवर, वाशी गाडीची वाट बघताना. बरा दिसत होता. दुसरीकडे नोकरी, औषधं चालू, झोप येते म्हणाला. मी न राहवून विचारलं, तू बोलला का नाहीस रे? तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही विचारलं होतं की. पण हडलमध्ये विचारलंत, सगळ्यांसमोर. आणि विचारताना स्क्रीनकडे बघत होतात.’ मग गाडी आली.

काय दिसलं की थांबायचं

आपण डॉक्टर नाही. कुणाला डिप्रेशन आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, आणि ‘तू मला डिप्रेस्ड वाटतोस’ हे वाक्य कधीही बोलू नका. आपलं काम फरक ओळखण्याचं. शेजारच्याशी तुलना करून उपयोग नाही, त्या माणसाची त्याच्याच मागच्या सहा महिन्यांशी करा. बडबडी मुलगी गप्प झाली. गप्प माणूस तडकून बोलायला लागला. वेळेवर येणारा रोज वीस मिनिटं उशिरा येतो किंवा, हे सुटतं नेहमी, उशिरापर्यंत बसायला लागला आणि घरी जायला बघत नाही. सोप्या कामात चुका. सोमवारी वारंवार पोटदुखी, डोकेदुखी. डबा न उघडता परत. दारूचा वास. असं काही दोन आठवडे टिकलं तर वाट बघू नका.

बर्नआउट हा शब्द हल्ली सर्दीसारखा वापरला जातो म्हणून दोन ओळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो आपल्या रोगांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये घेतला, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन खुणा: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. हा आजार नाही, कामातून आलेली अवस्था आहे, म्हणजे त्यावरचा इलाज बराचसा कामातच, पुन्हा त्या रोस्टरमध्येच, शोधावा लागतो. आठ दिवस लोणावळ्याला जाऊन माणूस त्याच खुर्चीत, त्याच शिफ्टला परत आला तर पंधरा दिवसांत जसा होता तसा होतो.

कुणी बोललंच तर

इथे नवा लीड घाबरतो. मीही घाबरले होते. क्रम असा ठेवा.

फोन उलटा ठेवा. ऐका. मध्ये तोडू नका, आपली गोष्ट सांगू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढं म्हणा. मग विचारा, ‘आत्ता माझ्याकडून काय झालं तर बरं वाटेल?’ बहुतेक वेळा उत्तर फार साधं असतं. दोन दिवस घरून काम. एका विशिष्ट कॉलमधून सुटका. नाइट थांबवणं. साधं असेल ते त्याच दिवशी करून टाका, ‘बघते’ म्हणू नका.

‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. असं म्हणा: ‘तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मदत बोलावणार, आणि तेही तुला सांगून.’

आणि बोलण्यात ‘सगळं संपवावंसं वाटतं’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही आलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी हे ऐकू शकतं एवढं कळून माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, शिफ्ट संपली म्हणून निरोप घेऊ नका. घरातल्या, त्याला चालेल अशा माणसाला बोलवा. टेली-मानसला १४४१६ वर फोन लावून त्याच्या हातात द्या. तातडीचं वाटलं तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सोबत जा. पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखाना टाळतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडेही तीव्र तणावाखालची व्यक्ती म्हणून बघतं, शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. एवढं माहीत असलं की घरच्यांना धीर देता येतो.

कुणाकडे पाठवायचं

ही यादी आज बनवा, वेळ आल्यावर नाही.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नाइट शिफ्टवाल्यांना याचं मोल जास्त, कारण पहाटे चारला दुसरं कुणी फोन उचलत नाही.

कंपनीचा ईएपी असेल, म्हणजे कंपनीने पैसे भरून ठेवलेली समुपदेशनाची सोय, तर त्याचा नंबर इंट्रानेटच्या तळघरात कुठेतरी असतो. शोधा आणि स्वतः फोन करून बघा. कुणी उचलतं का, मराठीत बोलतात का, किती भेटी मोफत, कंपनीला नाव कळतं का. आमच्याकडे मी फोन केला तेव्हा नंबरच बंद होता आणि तो वर्षभर लिफ्टशेजारी चिकटवलेला होता.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे, तिथे समुपदेशन आणि उपचार दोन्ही होतात. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, माणूस जातो, दाखवतो, औषधं घेऊन घरी येतो. भरती व्हायलाच जातात हा गैरसमज त्या विनोदाचाच भाऊ.

फरक समजावून सांगता आला पाहिजे: समुपदेशक बोलून मदत करतात, मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधं देऊ शकतात. कुणाकडे आधी जायचं यावर वाद घालत बसू नका, कुठल्याही दारातून आत गेलं तरी चालतं. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. अठरांच्या टीममध्ये याचा अर्थ काय, ते तुम्हीच मोजा.

एक सावधगिरी. कुणी तुमच्याकडे छळाची, अंगचटीला येण्याची, जातीवरून टोमण्यांची तक्रार आणली तर त्याला समुपदेशकाकडे पाठवून मोकळे होऊ नका. ती मनाची अडचण नव्हे, कुणाच्यातरी वागण्याची आहे. लैंगिक छळ असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिची वाट दाखवा. त्रास देणारा तुमच्याच बॉसचा लाडका असेल तरीही.

रजा, कागद आणि गुप्तता

रजेच्या मेलमध्ये कारण ‘वैद्यकीय’ एवढं पुरे. तुम्ही ते खोलून लिहू नका, टीमच्या ग्रुपवर ‘अमुक बरा नाही, प्रार्थना करा’ तर मुळीच नाही. कुणी विचारलं तर ‘रजेवर आहे, काम मी बघते.’ एवढंच. प्रमाणपत्र थेट एचआरकडे जाऊ दे, तुमच्या इनबॉक्सात नको. वाचलंत की विसरता येत नाही, आणि अप्रेझलच्या वेळी ते नकळत आठवतं.

विम्याबद्दल बहुतेकांना माहिती नसते. त्याच २०१७च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं आहे. भरती व्हायची वेळ आली तर ग्रुप मेडिक्लेमचा कागद काढून बघायला सांगा, आधीच ‘यात नसतं’ म्हणू नका.

परत येण्याचा दिवस जाण्याच्या दिवसाइतकाच नाजूक असतो. केक नको. ‘काय रे, बरा झालास?’ फ्लोअरवर नको. पहिल्या आठवड्यात अर्धं काम, नाइट नाही, आणि रोज सुटताना दोन मिनिटं. महिनाभराने पुन्हा ठरवा. ज्याने तो महिना त्याचं काम उचललं त्याचं नावही वहीत लिहा, कारण पुढचा दमणारा तोच असतो.

चूक झाल्यावर

तुमच्या टीमचं वातावरण या एका प्रसंगात ठरतं. ॲमी एडमंडसन नावाच्या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असं तिला वाटलं होतं. निघालं उलटं, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. त्या जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तर बोलून दाखवायला घाबरत नव्हत्या म्हणून. १९९९ मध्ये तिने याला मानसिक सुरक्षितता हे नाव धरून शोधनिबंध लिहिला.

आमच्या कामात एक शून्य चुकलं तर आकडा डॉलरमध्ये असतो. मी ठरवून टाकलं आहे: स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर पहिलं वाक्य ‘कधी कळलं?’, दुसरं ‘आता काय करायचं?’ ‘कुणी केलं’ हे मला आधीच माहीत असतं, तो समोर उभा असतो. आणि मेलमध्ये सगळ्यांना सीसी ठेवून चूक दाखवणाऱ्यांनी ती सवय आज सोडा. तो सीसी म्हणजे चारचौघांत कान धरणं.

रात्रीचे मेसेजही यातच. रात्री साडेअकराला ‘उद्या सकाळी बघ’ असं लिहिलंत तरी समोरचा ते साडेअकरालाच बघतो, आणि मग छताकडे बघत पडतो. मेल शेड्यूल करायची सोय आहे, वापरा.

वरच्या माणसाशी कसं बोलायचं

तुमच्या बॉसला ‘टीम दमली आहे’ सांगितलंत तर तो म्हणेल, आम्हीपण दमलोय. हिशेब घेऊन जा. गेल्या सहा महिन्यांत किती जण सोडून गेले, एका नव्या माणसाला तयार व्हायला किती आठवडे, तोवर किती ओव्हरटाइम, किती चुका परत आल्या. वाटल्यास जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला आकडा द्या: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. पण खरं सांगू, माझ्या अनुभवात त्यांना हलवतो तो भरतीचा खर्च. चालेल, हेतू कुठलाही असो, नाइट कमी झाल्या ना.

दर वेळी जमणार नाही. तेव्हा टीमला खरं सांगा: ‘मी मागितलं, नाही म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारते.’ ‘मॅनेजमेंट बघतंय’ असं गुळमुळीत बोललात की पुढच्या वेळी कुणी मागायलाच येत नाही.

आणि हे सगळं लिहिताना आपण फक्त आपल्या रोलवरच्या माणसांचा विचार करतो. रात्री दोनला फाटकावर उभा असलेला गार्ड, कॅबचा ड्रायव्हर, पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशी, यांचं रोस्टर कुठल्या एजन्सीच्या वहीत असतं. तुम्ही ते बदलू शकत नाही. पण तुमची टीम रोज अर्धा तास उशिरा सुटते म्हणून ड्रायव्हर रोज अर्धा तास गाडीत बसून असतो, हे मात्र तुमच्याच शीटमधून होतं.

तुमची रजा

शेवटी राहतो तुमचा स्वतःचा रकाना. बहुतेक नवे लीड तो कोरा ठेवतात. वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलची शीट फिरवायच्या आधी, आपले पाच सलग दिवस टाका. मागे काम बघणाऱ्याचं नाव लिहा, त्याला पासवर्ड नाही पण अधिकार द्या: एका रजेला हो म्हणायचा, एका क्लायंटला उद्या म्हणायचा. कामाचे ग्रुप म्यूट करा.

मी लीड झाल्यावर पहिल्यांदा गुहागरला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरून तीनदा ऑफिसात फोन केला. तिसऱ्या वेळी माझी जागा बघणारी मुलगी म्हणाली, ‘ताई, तुम्ही फोन ठेवलात तर आम्हाला काम करता येईल.’ मागून सगळे हसले ते ऐकू आलं. मग मी फोन ठेवला आणि वाळूत बसून शहाळं प्यायले.